रस्त्यावरचे स्केटबोर्डिंग आणि त्याच्या चित्रफिती : एका खेळाच्या इतिहासाची साधने

क्रिकेटचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाजवळ धावफलक असतात. कुस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याला संस्थानांच्या दप्तरातल्या नोंदी, वस्तादांच्या आठवणी, गदांवर कोरलेली नावे सापडतात. रस्त्यावरच्या स्केटबोर्डिंगजवळ यातले काहीच नाही. या खेळाला आखलेले मैदान नाही, पंच नाही आणि बराच काळ त्याच्या महत्त्वाच्या घटना स्पर्धेत घडल्याच नाहीत. एखादा मुलगा रात्री अकरा वाजता बँकेच्या बंद इमारतीसमोरच्या बारा पायऱ्यांवरून फळीसकट उडी मारतो आणि रखवालदार यायच्या आत पसार होतो. हे घडले, हे पुढच्या पिढीला कळणार कसे?

ते चित्रफितीमुळे कळते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून या खेळातले जवळजवळ प्रत्येक मोठे पाऊल व्हिडिओवर टिपले गेले, आणि जे टिपले गेले नाही ते खेळाडूंच्या जगात घडलेच नाही असे धरले गेले. म्हणून येथे चित्रफीत हे खेळाचे नुसते चित्रण नव्हते. खेळाची नोंदवही, शाळा आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टी तीच होती. आधुनिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण उपयोगी पडावे, कारण दृक्-श्राव्य साधनांवर किती विसंबायचे हा प्रश्न येथे अगदी उघडा पडतो.

खेळ रस्त्यावर कसा आला

पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्या कॅलिफोर्नियातील तरुणांनी १९५०च्या दशकात फळीला रोलर स्केटची चाके लावून जमिनीवर घसरायला सुरुवात केली. ही चाके धातूची किंवा कडक मिश्रणाची असत. वाटेत बारीक खडा आला तरी फळी अडे आणि माणूस पुढे फेकला जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची चाके बाजारात आणली. ती जमिनीला धरून राहत. त्यानंतर १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे राहिले, आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले फळ्या चढवू लागली. त्या भिंतींची नक्कल करून खासगी स्केटपार्क उभे राहिले.

हे पार्क फार टिकले नाहीत. मुले जखमी होत, पालक दावे लावत, विम्याचे हप्ते परवडेनासे झाले आणि १९८०च्या सुमारास एकामागून एक पार्क बंद पडले. काही ठिकाणी सरळ बुलडोझर फिरवला गेला. खेळाडूंजवळ उरला तो रस्ता, फुटपाथ, शाळेचे आवार आणि दुकानांच्या मागची मोकळी जागा.

सपाट रस्त्यावर करण्यासारखे काय होते? येथे एक तांत्रिक शोध निर्णायक ठरला. फ्लोरिडातील अ‍ॅलन गेलफंड या मुलाने, ज्याचे टोपणनाव 'ऑली' होते, पार्कच्या वक्र भिंतीवर हाताने फळी न धरता हवेत जाण्याची युक्ती शोधली होती. रॉडनी मलन याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तीच सपाट जमिनीवर साधली. मागच्या पायाने फळीची शेपटी जमिनीवर आपटायची, फळी उसळते, त्याच क्षणी पुढचा पाय फळीवर घासत पुढे न्यायचा, म्हणजे फळी पायाला चिकटल्यासारखी हवेत वर येते. हीच 'ऑली'. वर्णन वाचून ती कोणाला जमणार नाही. पण ती जमली की फुटपाथची कड, बाक, पायऱ्या, जिन्याचे रेलिंग या सगळ्यांवर चढता येते. मार्क गोन्झालेस आणि नाटास कौपास या दोघांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर हे करून दाखवले. शहरातली प्रत्येक कड ही खेळाची सामग्री झाली.

कॅसेट घरी आली

याच वर्षांत अमेरिकेतल्या घराघरात व्हीसीआर पोहोचत होता. भारतातही तो काळ व्हिडिओ लायब्ऱ्यांचा आणि भाड्याच्या कॅसेटचा होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना कॅसेट मागे-पुढे करून एकच दृश्य पुन्हा पाहण्यातली मजा सांगायला नको. स्केटबोर्डिंगच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची होती. चित्रपटगृहात दृश्य एकदा दिसते आणि जाते. 'स्केटरडेटर' हा स्केटबोर्डिंगवरचा लघुपट १९६६ मध्ये कान महोत्सवात पुरस्कार मिळवून गेला होता, पण तो पाहून कोणाला पायांची ठेवण शिकता आली नसती. कॅसेट थांबवता येत होती.

पॉवेल-पेराल्टा या फळ्या बनवणाऱ्या कंपनीचा भागीदार स्टेसी पेराल्टा स्वतः १९७०च्या दशकातला नावाजलेला खेळाडू होता. त्याने १९८४ मध्ये 'द बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो' ही चित्रफीत काढली. ती मुळात कंपनीची जाहिरात होती, पण दुकानातून विकत घेतली जाणारी जाहिरात. ग्राहक पैसे देऊन जाहिरात घेतो आणि ती झिजेपर्यंत पाहतो, असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात फारसे नसावे. पुढच्याच वर्षीच्या 'फ्यूचर प्रिमिटिव्ह' मध्ये टॉमी गरेरो सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून एकटाच घसरत येतो, वाटेतल्या कडांवर, भिंतींवर फळी चढवतो. त्या दृश्यात तलाव नाही, रॅम्प नाही, प्रेक्षक नाहीत. कॅलिफोर्नियापासून दूर राहणाऱ्या, ज्याच्या गावात स्केटपार्क कधी नव्हताच अशा मुलाला त्यात आपली गल्ली दिसली असेल, तर नवल नाही.

पेराल्टाच्या चित्रफितींत पटकथा असे, विनोद असत, थोडा डामडौल असे. एच-स्ट्रीट या लहान कंपनीने १९८८ मध्ये 'शॅकल मी नॉट' काढली ती वेगळ्या वळणाची. घरगुती कॅमेरा, खरखरीत चित्र, फारसे कोणाला ठाऊक नसलेले खेळाडू, आणि एकामागून एक ट्रिक. तिच्या मागे असलेला माइक टर्नास्की पुढे प्लॅन बी कंपनीच्या 'क्वेश्चनेबल' (१९९२) या चित्रफितीचाही कर्ता झाला. प्रत्येक खेळाडूला दोन-तीन मिनिटांचा स्वतंत्र भाग, त्याला साजेसे एक गाणे, आणि सगळ्यात अवघड ट्रिक शेवटी, हा साचा या काळात पक्का झाला. या भागाला खेळाडू 'पार्ट' म्हणतात. क्रिकेटपटूची सरासरी असते तसा स्केटरचा पार्ट असतो. त्याची योग्यता त्यावर ठरते.

'व्हिडिओ डेज'

या सगळ्यांत एका चित्रफितीजवळ थांबायला हवे. मार्क गोन्झालेसने सुरू केलेल्या ब्लाइंड या कंपनीने १९९१ मध्ये 'व्हिडिओ डेज' प्रसिद्ध केली. ती चित्रित करणारा स्पाइक जोन्झ तेव्हा विशीत होता, मासिकांसाठी छायाचित्रे काढत होता. हाच पुढे 'बीइंग जॉन माल्कोविच' चा दिग्दर्शक. चित्रफीत अर्ध्या तासाहूनही लहान आहे. पाच जण एका जुन्या लांबलचक गाडीतून भटकतात, अधूनमधून उतरून स्केटिंग करतात, आणि शेवटी गाडी कड्यावरून खाली जाते. पडद्यावर त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा येतात. अर्थात हा विनोद होता. त्यांतला कोणी मेला नव्हता.

स्वतः गोन्झालेसच्या पार्टला जॉन कोल्ट्रेनचे जॅझ संगीत आहे. तोवर या चित्रफितींत पंक आणि रॉक यांची सद्दी होती. जॅझच्या साथीने तो ज्या रीतीने फिरतो त्यात तयारी दिसते आणि त्याच वेळी आता पुढे काय करावे हे त्याला त्या क्षणी सुचते आहे असेही वाटते. गाय मारियानो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याच्या पार्टमध्ये मुलाचे शरीर आणि मोठ्या माणसाचे कसब यांचा जो मेळ दिसतो, तो पाहून कित्येक समवयस्कांनी फळी हातात घेतली. माझ्या मते या चित्रफितीचे महत्त्व ट्रिकच्या अवघडपणात नाही. अवघडपणात ती वर्षभरातच मागे पडली, 'क्वेश्चनेबल' ने तिला सहज ओलांडले. पण मित्रांची टोळी, रिकामा दिवस आणि परके शहर हाच खेळ, ही कल्पना तिने रुजवली, आणि ती आजही या खेळाच्या चित्रणातून गेलेली नाही.

चौक कोणाचा

चित्रफितींमुळे काही जागा जगप्रसिद्ध झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराजवळचा जस्टिन हर्मन प्लाझा, ज्याला स्केटर 'एम्बार्काडेरो' म्हणतात, लॉरेन्स हॅल्प्रिन या नामवंत रचनाकाराने आखला होता. विटांची विस्तीर्ण फरसबंदी, रुंद पायऱ्या, बसण्याचे कट्टे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे रोज जमणाऱ्या मुलांच्या चित्रफिती पाहून दूरदूरची मुले त्या पायऱ्या ओळखत होती. जवळच्याच एका जिन्याच्या उतरत्या कट्ट्यांना 'हबा हाइडआउट' हे नाव पडले, आणि जगात कोठेही जिन्यालगत उतरणारा रुंद कट्टा असला की स्केटर त्याला 'हबा' म्हणू लागले. मूळ कट्टे २०११ मध्ये पाडले गेले, शब्द राहिला.

पण सगळ्यात बोलके उदाहरण फिलाडेल्फियाचे आहे. तेथल्या जॉन एफ. केनेडी प्लाझात १९७६ मध्ये रॉबर्ट इंडियाना याचे 'लव्ह' ही अक्षरे असलेले शिल्प ठेवले गेले, म्हणून लोक त्याला 'लव्ह पार्क' म्हणतात. १९६५ मध्ये बांधलेला हा चौक शहराचे नियोजनकार एडमंड बेकन यांच्या कल्पनेतला. कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी दुपारी डबा खायला येथे यावे, हा हेतू. प्रत्यक्षात पुढे चौक ओस पडू लागला आणि ग्रॅनाइटचे कट्टे व गुळगुळीत फरशी यांचा खरा उपयोग स्केटरांना कळला. जॉश केलिस आणि स्टीव्ही विल्यम्स यांची नावे या चौकाशी कायमची जोडली गेली आहेत. विल्यम्स फिलाडेल्फियातलाच, एक गरीब कृष्णवर्णीय मुलगा. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात याच कट्ट्यांवर झाली.

नगरपालिकेने २००० मध्ये तेथे स्केटबोर्डिंगवर बंदी घातली. आणि त्याच शहराने २००१ व २००२ मध्ये एक्स गेम्स ही दूरचित्रवाणीवरची मोठी स्पर्धा मानाने भरवून घेतली. स्केटिंगमुळे शहराला तरुण, उत्साही अशी जी ओळख मिळत होती ती हवी होती, स्केटर मात्र नको होते. २००२ मध्ये चौकाची डागडुजी करून कट्टे बदलले, फरशी काढून हिरवळ लावली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ९२ वर्षांचे बेकन हेल्मेट घालून, दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेऊन, फळीवर उभे राहिले आणि आपण आखलेल्या चौकात बंदी मोडून थोडे अंतर गेले. याचेही चित्रण झाले, हे वेगळे सांगायला नको. २००४ मध्ये बूट बनवणाऱ्या एका कंपनीने चौक स्केटिंगला खुला ठेवावा म्हणून दहा लाख डॉलर देऊ केले. शहराने ते घेतले नाहीत.

२०१६ मध्ये चौक पूर्ण उखडून नवा करायचे ठरले. काम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, महापौरांनी काही दिवसांपुरती बंदी उठवली आणि लोक निरोप द्यायला फळ्या घेऊन आले. तेथल्या ग्रॅनाइटच्या काही फरशा पुढे स्वीडनमधल्या माल्मो शहराने आपल्याकडे मागवून घेतल्या. एका शहराने बंदी घातलेला दगड दुसऱ्या शहराने समुद्रापलीकडे नेला, तो त्याच खेळासाठी. आज जुना लव्ह पार्क पाहायचा असेल तर वास्तुरचनेची पुस्तके फारशी उपयोगी पडत नाहीत. त्याचा प्रत्येक कट्टा, त्याची उंची, त्यावरची झीज, हिवाळ्यात रिकाम्या कारंज्याचा तळ, हे सारे 'फोटोसिंथेसिस' (२०००) सारख्या चित्रफितींत आहे. सार्वजनिक जागेचा असा बारकाईचा दस्तऐवज नगरपालिकेजवळही नसेल.

वास्तुइतिहासकार इयन बॉर्डन यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात स्केटबोर्डिंगकडे शहर वाचण्याची एक रीत म्हणून पाहिले. त्यांचा आधार फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांच्या अवकाशविषयक मांडणीचा आहे. ज्यांना नागरी इतिहासात पुढे काम करायचे आहे त्यांनी तो अवश्य पाहावा, पण त्याआधी कट्ट्यांवर ठोकलेले लोखंडी खुंटे पाहावेत. फळी घसरू नये म्हणून ठोकलेले हे खुंटे अनेकदा माणसालाही नीट बसू देत नाहीत.

कॅमेऱ्याने खेळाला दिलेले वळण

१९९५ मध्ये सोनी कंपनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा आला. तो मिनी-डीव्ही कॅसेटवर अंकीय चित्रण करी आणि ते घरच्या संगणकावर उतरवता येई, त्यामुळे संपादनासाठी महागड्या स्टुडिओची गरज संपली. दुसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. या कॅमेऱ्याला वरच्या बाजूला मूठ होती. बादली धरावी तसा तो धरून जमिनीलगत नेता येई. त्यावर सेंच्युरी कंपनीचे रुंद दृष्टिक्षेपाचे, कडा वाकवणारे फिशआय भिंग बसवले की खेळाडूपासून हातभर अंतरावरूनही पूर्ण दृश्य चौकटीत मावते. मात्र इतके जवळ राहायचे तर चित्रण करणाऱ्यालाही स्वतः फळीवर उभे राहून त्याच वेगाने मागे जावे लागते. म्हणजे 'फिल्मर' हा स्वतः बऱ्यापैकी स्केटर असावाच लागतो. फिशआयमुळे पायऱ्या जास्त उंच वाटतात, वेग वाढल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन चाकांचा घरघराट आणि फळी आपटल्याचा टणत्कार ठळकपणे पकडतो. हा आवाज कानात बसलेले लोक आजही जुने व्हीएक्स दुरुस्त करकरून वापरतात.

चित्रणाच्या सोयीने खेळाची भाषाही घडली. न थांबता एकापाठोपाठ केलेल्या अनेक ट्रिक एकाच सलग दृश्यात दाखवल्या तर ती 'लाइन'. एखाद्या मोठ्या जिन्यावरची एकच उडी दोन कोनांतून दाखवली जाते. आणि एक अलिखित कायदा होता: एखाद्या ठिकाणी एखादी ट्रिक कोणाच्या चित्रफितीत आली असेल तर तीच तेथे पुन्हा चित्रित करण्यात मान नाही, काहीतरी वरचढ करायला हवे. त्यामुळे प्रत्येक स्केटरला जागोजागच्या जुन्या नोंदी पाठ असत. वकील जुने निवाडे सांगतो तसे ते सांगत. फरक एवढाच, की येथे जुना निवाडा उद्धृत करून चालत नसे, तो मागे टाकावा लागे. ट्रिकची पातळी दहा-पंधरा वर्षांत ज्या वेगाने वाढली त्याचे एक कारण या कायद्यात आहे. गुडघे आणि घोटे लवकर निकामी होण्याचेही.

फितीत काय दिसत नाही

साधन म्हणून या चित्रफितींची मर्यादा मोठी आहे, आणि ती त्यांच्या गुणातूनच येते. पडद्यावर तीन सेकंद दिसणारी ट्रिक कधी पन्नास प्रयत्नांनंतर, कधी चार वेगवेगळ्या दिवशी पुन्हापुन्हा येऊन साधलेली असते. काही चित्रफितींत पडण्याचा वेगळा भाग असतो, पण तोही निवडलेला आणि बहुधा करमणुकीसाठी. पार्ट पाहून एखाद्याच्या कौशल्याची सरासरी काढणे म्हणजे फक्त शतकांची यादी पाहून फलंदाज ठरवण्यासारखे आहे.

फिल्मर दिसत नाही. क्वचित त्याची सावली फरशीवर पडते. रखवालदार दिसतो, पण चिडलेला आणि हास्यास्पद. तोही बहुतेक वेळा कमी पगारावर रात्रपाळी करणारा माणूस आहे, याची दखल या चित्रफितींनी फारशी घेतली नाही. त्यांच्यातला हा दोष मला बाकी साऱ्यांपेक्षा जास्त खटकतो.

मुली तर अनेक वर्षे दिसतच नाहीत. त्या खेळत नव्हत्या असे मात्र नाही. १९७०च्या दशकातल्या प्रसिद्ध झेफर संघात पेगी ओकी होती. पण मोठ्या कंपनीच्या चित्रफितीत स्त्रीला पूर्ण पार्ट मिळाला तो १९९६ मध्ये, टॉय मशीनच्या 'वेलकम टू हेल' मध्ये, एलिसा स्टीमरला. सहा वर्षांनी बॉस्टनच्या एका दुकानाने काढलेल्या चित्रफितीत अलेक्सिस सॅब्लोन दिसली. पुढे तिने वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, माल्मोमध्ये स्केटिंग करता येईल असे शिल्प उभारले, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळली. २००४ मध्ये 'गेटिंग नोव्हेअर फास्टर' ही केवळ मुलींची चित्रफीत निघाली. कॅमेरा कोणाच्या हातात आणि कंपनीचे पैसे कोणाजवळ, यावर कोणाची नोंद राहते ते ठरत होते. म्हणून चित्रफितींतल्या संख्येवरून मुलींच्या सहभागाचे अनुमान काढू नये.

२००५ नंतर यूट्यूब आले आणि दोन-तीन वर्षे खपून तयार केलेली, दुकानात विकली जाणारी चित्रफीत मागे पडू लागली. पार्ट फुकट मिळू लागले, लवकर विसरलेही जाऊ लागले. संगीताच्या हक्कांमुळे अनेक जुन्या चित्रफितींचा आवाज तेथे बंद केलेला किंवा गाणे बदललेले असते. अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे, कारण जी प्रत आपण पाहतो ती मूळची असेलच असे नाही. २०२१ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या प्रकाराचे पहिले सुवर्णपदक जपानच्या युतो होरिगोमेने जिंकले, मुलींमध्ये तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने. आता पंच आले, गुण आले, मैदानही आले. पण पायऱ्या आणि रेलिंग खास स्पर्धेसाठी बांधलेली.

संग्रहाच्या दृष्टीने आज निकड आहे ती न वापरलेल्या चित्रणाची. एका तासाच्या मिनी-डीव्ही कॅसेटमधली बहुधा मिनिटभरच सामग्री चित्रफितीत गेली. उरलेल्या कॅसेट माळ्यावरच्या खोक्यांत आहेत. त्यांची फीत खराब होते आहे, त्या वाजवणारी यंत्रे बनणे थांबले आहे, आणि ज्या जोडणीने त्या संगणकावर उतरत ती नव्या संगणकांत नसते. अशा शिल्लक चित्रणात काय दडलेले असू शकते हे बिंग लिऊ याच्या 'माइंडिंग द गॅप' (२०१८) या माहितीपटात दिसते. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या उतरणीला लागलेल्या कारखानदारी गावात तो मित्रांचे स्केटिंग वर्षानुवर्षे चित्रित करत होता. ट्रिकच्या मधल्या वेळातले बोलणे, कोणाच्या घरातली मारहाण, कोणाचे तुटलेले लग्न, हे सगळे त्या फितींत आपसूक उतरले होते. त्या जुन्या फिती आणि नंतर घेतलेल्या मुलाखती जोडून त्याने माहितीपट केला आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.